सोमवारची दुसरी सही

३ फेब्रुवारी

बारक्या,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचा असतो. तुला माझा चालेल की नाही माहीत नाही, म्हणून तेवढी जागा सोडलीय. चार वर्षं झाली. तुझ्या जुन्या नंबरावर हल्ली कुठल्यातरी बाई बोलतात आणि माझ्यावर भलत्याच वैतागतात. नवा नंबर कोणी देत नाही. पत्ता तुझ्या वहिनीने मिळवला, कुठून ते मलाही सांगत नाही. लिफ्ट दुरुस्त करतोस असं कळलं. चांगलं आहे. वर जायचं, खाली यायचं, एवढंच काम. आपल्यासारखं गरगर फिरायला नको.

इकडे पार्क होतं तसंच आहे, म्हणजे चार वर्षांनी आणखी म्हातारं. पाण्याच्या घसरगुंडीला दोन ठिकाणी ठिगळं मारली. छोट्यांच्या आगगाडीचा भोंगा वाजवला की इंजिनच बंद पडायचं, म्हणून भोंगा काढून टाकला. आता पोरं तोंडाने वाजवतात, कुणाची तक्रार नाही. आरसेमहालातला एक वाकडा आरसा फुटला, त्या जागी घरातला साधा लावलाय. लोक त्याच्यापुढेच जास्त वेळ उभे राहतात, केस सारखे करत.

मॅनेजर नवीन आलाय. माणूस वाईट नाही, पण आयुष्यात कधी पाना धरला नसावा. त्याला खेकडा समजावून सांगताना नाकी नऊ आले. म्हटलं, मधला खांब फिरतो, त्याला आठ हात, प्रत्येक हाताच्या टोकाला दोन माणसांचा पाळणा, आणि फिरता फिरता हात वर-खाली होतात, म्हणजे सगळा भार हाताच्या मुळाशी, वेल्डिंगच्या सांध्यावर. तो म्हणाला, “म्हणजे ऑक्टोपस. पाटीवर लिहिलंय की.” म्हटलं, “हो, पण आम्ही खेकडा म्हणतो.” “का?” आता काय सांगणार, कपाळ! बाबा म्हणायचे म्हणून.

सोमवारचं रजिस्टरही त्याला दाखवलं. म्हटलं, रोज सकाळची तपासणी मी एकटा करतो, पण सोमवारी पार्क बंद असतं तेव्हा सगळं उघडून बघायचं, आणि ते दोघांनी. एकाने बघायचं. दुसऱ्याने, पहिल्याला काय दिसलं ते न विचारता, पुन्हा पहिल्यापासून बघायचं. मग दोन रकान्यांत दोन सह्या. आधी बाबा आणि काका, मग मी आणि तू. कंत्राटाच्या कागदावर अजून आपल्या दोघांचीच नावं आहेत. मॅनेजरने पानं उलटली, प्रत्येक पानावर दोन सह्या बघितल्या आणि खूश झाला. रजिस्टरची तू काळजी करू नकोस, ते व्यवस्थित चालू आहे.

तर मुद्दा असा की एखाद्या सोमवारी येऊन जा. चार तासांचा तर प्रवास. खेकड्यावर एकदा हात फिरव. विशेष काही नाही, आवाज जरासा बदललाय इतकंच. बेअरिंग असेल. तुझा कान चांगला आहे म्हणून म्हटलं.

अक्षर वाकडं आलंय, टेबल डुगडुगतंय.

दादा


२१ फेब्रुवारी

बारक्या,

उत्तर नाही. तुझ्या जागी मी असतो तर मीही दिलं नसतं, असं लिहिणार होतो. पण खोटं कशाला? मी दिलं असतं. चार शिव्या घालून का होईना, दिलं असतं. तुझं हे गप्प बसणं लहानपणापासूनच भारी. मार खाल्लास तरी रडायचा नाहीस आणि मारणाऱ्यालाच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

त्या दिवसाबद्दल एकदाच बोलतो. तू सहा नंबरच्या हाताला रॉकेल लावलंस, पुसलंस, वरून खडू घासलास. अर्ध्या तासाने आत मुरलेलं रॉकेल खडूतून वर आलं, एक काळी रेघ, अंगठ्याच्या पेराएवढी. तू म्हणालास तडा आहे, हात उतरवायला हवा. मी म्हणालो ओरखडा आहे. सुट्ट्या दोन दिवसांवर आल्या होत्या. हात उतरवायचा म्हणजे क्रेन, नवा हात बनवून येईपर्यंत दोन महिने, आणि ऑफिसात जाऊन ते सगळं मागायचं ते मी. तू नव्हे. मागायला नेहमी मीच जात आलोय, बाबा गेल्यापासून. मी वरून वेल्डिंग मारलं. घासून गुळगुळीत केलं. तू म्हणालास, “दादा, तू हल्ली बघत नाहीस. नुसत्या बरोबरच्या खुणा करतोस.” मी म्हणालो, “मग चालता हो. परत इथे पाय ठेवू नकोस.” तू पाना माझ्या पायाशी नीट ठेवलास आणि गेलास. फेकून मारला असतास तर मला बरं वाटलं असतं.

तू बरोबर होतास असं मी म्हणत नाहीये. चार वर्षं त्या वेल्डिंगला काही झालेलं नाही, हेही लक्षात घे.

आता दुसरी गोष्ट. मागच्या आठवड्यात मी एक दिवस नव्हतो. दवाखान्यात गेलो होतो, काही नाही, सर्दी. तेवढ्यात मॅनेजरने रंगारी बोलावले आणि खेकड्याला आभाळी रंग फासून घेतला. दोन थर, जाड, ब्रशने. बाबा काय म्हणायचे, आधी डोळा मग रंग. खरवडायचं, बघायचं, मगच ब्रश लावायचा. हे म्हणजे सगळ्या जखमांवर पावडर लावून ठेवली. मी खूप बोललो. रंगारी म्हणाला, “काका, छान दिसतंय की.” छान दिसतंय! याच्या छान दिसण्याला काडी लावली पाहिजे.

आणि परवा केबिनवाल्या मावशींनी मला हाक मारली. अजून त्याच आहेत बटणावर, वीस वर्षं झाली, गुडघे गेले पण हिरवं-लाल त्यांच्याशिवाय कोणी दाबत नाही. म्हणाल्या, “अहो दादा, त्या सहा नंबरच्या बगलेतून काहीतरी तपकिरी ओघळतंय बघा.” मी शिडी लावून चढलो. फडक्याने पुसलं. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, “परत आलंय.” परत पुसलं. रंग हलका असणार. हलक्या रंगातून गंज वर येतो.

पण तू येऊन बघितलंस तर बरं होईल. ये रे एकदा. मी आवारात थांबणारही नाही, किल्ली मावशींकडे ठेवतो. माझं तोंडही बघायला नको.

दादा


१२ मार्च

बारक्या,

टेबल डुगडुगत नाही. मला दिसत नाही.

तुझी वहिनी सोडून कोणाला माहीत नव्हतं, आता तुला सांगतोय. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि डाव्याच्या पडद्यालाही काहीतरी झालंय. वेल्डिंग करताना काच न लावता काम केलं त्याची फळं, डॉक्टर म्हणाले, आणि वर माझ्यावरच डाफरले. उजवा ऑपरेशनने सुधारेल. डावा राम म्हणाला. दवाखान्यात गेलो होतो ते यासाठी, सर्दी कसली.

तू म्हणशील, मग ऑपरेशन करून टाक की. करतो ना! पण ऑपरेशन म्हणजे महिनाभर काम बंद. काम बंद म्हणजे माझ्या जागी दुसरा माणूस. दुसरा माणूस आला की तो विचारणार, सोमवारी दुसरी सही करणारा कुठाय.

आता हे सांगायलाच हवं. दुसरी सही मी करतो.

तू गेलास त्यानंतरच्या सोमवारी रजिस्टर उघडून बसलो होतो. वाटलं, दुपारपर्यंत राग उतरेल, येशील. संध्याकाळी ऑफिसात रजिस्टर द्यायचं होतं. खालचा रकाना रिकामा दिसला असता तर जुन्या मॅनेजरने तुझ्या जागी लगेच कोणीतरी आणून बसवला असता. मग तू परत आलास तर तुला जागा कुठे? म्हणून केली. फक्त त्या दिवशीपुरती. पुढच्या सोमवारीही तसंच. सहा-सात आठवड्यांनी हात आपोआप खालच्या रकान्यात जायला लागला. तुझ्या सहीचा शेवटचा फराटा मला आता तुझ्याहून चांगला जमत असेल. दोनशेच्या वर सोमवार झाले. तुला खोटं वाटेल, पण ती सही करताना दर वेळी बरं वाटायचं. तेवढ्यापुरता तू आलेला असायचास.

आणि आता त्याचं काय झालं ऐक. मागच्या सोमवारी मी तुझ्यासारखं केलं. सहा नंबरच्या मुळाशी नवा रंग खरवडला, रॉकेल लावलं, पुसलं, खडू घासला, अर्धा तास थांबलो. मला सगळं पांढरं दिसलं. रेघ नव्हती की मला दिसली नाही? बोट फिरवून बघितलं, बोटांना तर इतक्या वर्षांत घट्टेच पडलेत. टॉर्च लावला, त्याने आणखी पांढरं झालं. शिडीवर उभा राहून मी रडलो, बारक्या. एवढा मोठा माणूस, खेकड्याच्या बगलेत तोंड घालून रडतोय.

उतरलो तो सरळ ऑफिसात गेलो. मनाशी ठरवून गेलो की आज बोलायचंच. म्हटलं, “साहेब, खेकडा बंद ठेवा. सहा नंबर मला बरोबर वाटत नाही.” मॅनेजरच्या टेबलावर सुट्ट्यांच्या जाहिरातीचा कागद पसरलेला, त्यावर मधोमध खेकडा. तो म्हणाला, “पण गेल्या सोमवारी तर तुम्ही दोघांनी ठीक आहे लिहिलंय.” आणि रजिस्टर माझ्यासमोर धरलं. “तुमच्या भावाला काही वाटलं नाही, मग तुम्हालाच का वाटतंय? ते आले की त्यांना पुन्हा बघायला सांगा. दोघांनी लिहून दिलंत तर बंद करू.” बोलणं अगदी रीतसर. बाबांचाच नियम तो मला सांगत होता. मी एकटा म्हणत होतो बंद करा आणि आम्ही दोघं म्हणत होतो ठीक आहे. आपलेच दात, आपलेच ओठ. मान हलवून बाहेर आलो.

सगळं खरं सांगून टाकायला काय झालं होतं, असं तू विचारशील. चार वर्षांच्या खोट्या सह्या. कंत्राट जाईल, पोलीस येतील, या वयात बिनडोळ्यांचा मी कुठे जाऊ? घाबरलो. हे मी कुणाजवळ कबूल केलेलं नाही, वहिनीजवळही नाही.

म्हणून हात जोडतो. सुट्ट्या दहा एप्रिलला सुरू होतात, तोवर गर्दी नाही, खेकडा दिवसातून दोन-तीन वेळाच फिरतो. त्याआधीचा सोमवार सात तारखेला. मी सकाळी आठ वाजता मागच्या फाटकापाशी उभा असेन. तू ये, रेघ आहे का नाही ते बघ, आणि खालच्या रकान्यात तुझ्या हाताने लिही, बंद करा. एवढंच. मग मला हवं ते बोल, तोंडात मार, पुन्हा कधी येऊ नकोस.

आणि नाही आलास तर त्याच दिवशी मी मोटारीचा फ्यूज काढून खिशात घालीन आणि मॅनेजरला सगळं सांगेन. बाबांची शपथ.

दादा


२२ एप्रिल

बारक्या,

तू पेपरात वाचलं असशील. सहा नंबर तुटला. शनिवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. मुळापासून.

पाळण्यात शिवणकामाच्या कारखान्यातल्या दोन मुली होत्या. एकीचं लग्न ठरलं म्हणून दुसरी तिला मौजेला घेऊन आली होती. जिचं ठरलं होतं ती वाचली, पायांचं काही सांगता येत नाही म्हणतात. घेऊन आलेली जागच्या जागी गेली. एकवीस वर्षांची. तिचा मोठा भाऊ आला होता, तिची चप्पल शोधत होता. एक सापडली, दुसरी सापडेना, आणि त्याला दुसरीच हवी होती. मी त्याच्याबरोबर शोधत राहिलो. मी कोण ते त्याला माहीत नव्हतं. “काका, तुम्ही बसा, तुम्हाला नीट दिसत नाहीये,” असं तो मला म्हणाला.

मावशींनी लाल बटण दाबलं होतं. सगळं थांबल्यावरही त्यांनी ते दाबूनच धरलं होतं. तिकीट खिडकीवरच्या दोघींनी मिळून त्यांचं बोट काढलं.

सात तारखेचं विचारशील. सकाळी आठ वाजता फाटकापाशी उभा राहिलो. अकरापर्यंत उभा होतो. दर बसमधून उतरणारा माणूस मला तूच वाटायचास, लांबचं दिसत नाही ना. मग आत गेलो. फ्यूजच्या पेटीपाशीही गेलो, झाकण उघडलं. वाटलं, इतकी वर्षं टिकलंय, हा महिना टिकेल, सुट्ट्या संपल्या की सांगू. झाकण लावलं. आठही हातांना ग्रीस दिलं आणि रजिस्टर भरलं. दोन्ही रकाने.

दादा


४ मे

बारक्या,

चौकशीला एक बाई नेमल्यात. शांत आहेत, आवाज चढवत नाहीत, त्यामुळे जास्त भीती वाटते. चार वर्षांची सगळी रजिस्टरं घेऊन गेल्या. तुटलेला सांधा कापून तपासायला पाठवला. त्यांच्या माणसाने मला सांगितलं की वरच्या वेल्डिंगच्या आत जुना तडा होता, आतून गंजलेला, वर्षानुवर्षांचा. म्हणजे तूच बरोबर होतास. हे वाक्य मी चार वर्षांपूर्वी म्हटलं असतं तर ती मुलगी आज मशीनवर बसून शिवत असती. वरातीमागून घोडं.

तुला त्यांची नोटीस येईल. सह्या तुझ्या आहेत का, एवढंच विचारतील. खरं काय ते सांग. म्हणावं, मी चार वर्षं तिकडे फिरकलो नाही. तुझ्या लिफ्टवाल्या कंपनीत विचारलं तरी कळेल. मीही सांगणारच आहे. फक्त तू आधी सांगितलंस तर बरं, म्हणजे मग मला हो म्हणायचं तेवढं राहील. स्वतःहून विषय काढायला जीभ उचलत नाही. दोनदा त्यांच्यासमोर बसून आलो, दोन्ही वेळा पाणी पिऊन परत आलो.

तुझी वहिनी मंगळवारी न सांगता कुठेतरी गेली. डबा भरून ठेवला होता, चिठ्ठी नव्हती. तुझ्याकडे आली असेल तर तिला म्हणावं, मी औषध वेळेवर घेतोय.

दादा


२९ मे

बारक्या,

वहिनी परत आली त्याला तीन आठवडे झाले. दुसऱ्या दिवशी म्हणाली, “तुमची पत्रं त्याने फोडलीच नव्हती.” तिन्ही पाकिटं तुझ्या कपाटात कपड्यांखाली तशीच होती म्हणे. बातमी वाचल्यावर तू ती एकामागून एक फोडलीस, आणि तिसरं वाचून जमिनीवर बसलास ते तुझ्या बायकोला उठवता येईना. हे ऐकल्यावर मला वाटलं, आता मला कोणीतरी मारून टाकलं तर बरं. मी तुला शिव्या देत फाटकापाशी उभा होतो, आणि तुला कोणी बोलावलंय हेच तुला माहीत नव्हतं.

पण तू त्यानंतर जे केलंस ते का केलंस?

मंगळवारी बाईंनी मला बोलावलं. समोर बसवलं, पाणी दिलं, आणि म्हणाल्या, “तुमचे भाऊ येऊन जबाब देऊन गेले.” मला माहीतच नव्हतं. तू या गावात आलास, आपल्या घरापासून दोन स्टॉपवर बसलास आणि तोंड न दाखवता गेलास. त्यांनी तुझा जबाब वाचून दाखवला: सगळ्या सह्या माझ्या आहेत. दर सोमवारी माझ्या सुट्टीच्या दिवशी मी येत होतो. दादाची दृष्टी अधू झाल्यामुळे डोळ्यांनी करायची तपासणी पूर्णपणे माझी होती. सहा नंबरच्या हाताला जुना तडा आहे हे मला चार वर्षांपासून माहीत होतं आणि मी तो चालू दिला. दादाचा दोष नाही.

शब्द न शब्द पाठ झालाय. बाई सावकाश वाचत होत्या. वाचून झाल्यावर चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “हे बरोबर आहे का?”

बारक्या, मी तोंड उघडलं ते नाही म्हणायलाच. खरंच. वहिनीची शप्पथ घेऊन सांगितलं असतं, पण माझ्या शपथांचं काय होतं ते तुला आता माहीत आहे. तोंड उघडलं आणि मी हो म्हणालो.

त्यांनी कागद पुढे सरकवला. सही कुठे करायची तिथे स्वतःचं बोट ठेवलं, कारण मला ओळ दिसत नव्हती. मी माझी सही केली. त्या म्हणाल्या, “तुम्ही आता घरी जा, डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्या.” कनवाळू बाई आहेत. आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हे लपवत नाही. जिना उतरताना अंग हलकं झालं होतं, भूकसुद्धा लागली. लाज वाटायला बसस्टॉपपर्यंत यावं लागलं.

मला कळत नाही तू हे माझ्यासाठी केलंस की मला धडा शिकवायला. न फोडलेल्या पाकिटांची भरपाई म्हणून केलं असशील तर तू वेडा आहेस. तू काय केलंस? पत्रं नाही वाचलीस. लोक पत्रं वाचत नाहीत, त्याने माणसं मरत नाहीत. आणि शिक्षा म्हणून केलं असशील तर याहून मोठी तुला सुचली नसती. तुरुंगात मी दोन वर्षं, पाच वर्षं काढली असती, संपलं असतं.

वहिनी रोज सकाळी चहाचा कप ठेवताना विचारते, “सांगितलंत?” मी म्हणतो, “उद्या.” ती कप ठेवून आत जाते. आज तिने विचारलं नाही. नुसता कप ठेवला.

नऊ जूनला तुला हजर व्हायचंय. त्याआधी हे पत्र पोहोचेल. म्हणून नीट लिहून देतो, बाईंना वाचता येईल असं:

मी, थोरला भाऊ, कंत्राटातला पहिला भागीदार, लिहून देतो की गेल्या चार वर्षांतली सोमवारच्या रजिस्टरातली खालच्या रकान्यातली प्रत्येक सही मी केलेली आहे. माझा भाऊ या काळात एकदाही पार्कात आलेला नाही. सहा नंबरच्या हाताचा तडा त्याने दाखवला होता. तो मी वेल्डिंगने झाकला. मला दिसत नसताना मी ठीक आहे असं लिहिलं. ओघळ आला तो मी पुसला. खेकडा बंद करणं माझ्या हातात होतं, मी केला नाही. त्या मुलीच्या मरणाला मी जबाबदार आहे, दुसरं कोणी नाही. चौकशीत मी हो म्हणालो ते खोटं.

खाली माझी सही करतोय. ही खरी आहे.

हा कागद बाईंना दाखव म्हणजे तू सुटशील. एवढं कर. थोरला म्हणून सांगतोय, हे ऐक.

पण तू दाखवणार नाहीस. तू कपाटात ठेवशील, नाहीतर चुलीत घालशील, आणि नऊ तारखेला धुतलेला शर्ट घालून हजर होशील. मी तुला अंगाखांद्यावर वाढवलंय, मला माहीत आहे. आणि खरं सांगू? हे माहीत आहे म्हणूनच माझ्याच्याने एवढं लिहिणं झालं. बाईंचं ऑफिस दोन स्टॉपवर आहे, त्यांची पत्रांची पेटी दारातच आहे, त्यात पाकीट टाकायला पोस्टाचं तिकीटसुद्धा लागत नाही. मी तिकीट चिकटवून तुला पाठवतोय.

दादा